एका पोलिसाचे मरण आणि साम्राज्याचे मौन

१८ जून ही तारीख आपल्याला नवी नाही. १८५८ साली ग्वाल्हेरच्या रणभूमीवर झाशीच्या राणीने देह ठेवला, त्या बलिदानाचे स्मरण आपण या दिवशी करतो. याच तारखेला १९१९ साली, लंडनच्या दक्षिणेस असलेल्या एप्सम या गावातील रुग्णालयात एक प्रौढ पोलीस अधिकारी शुद्धीवर न येताच मरण पावला. त्याचे नाव टॉमस ग्रीन. वय वर्षे ५१. लंडन महानगर पोलीस दलातील स्टेशन सार्जंट, म्हणजे इन्स्पेक्टरच्या खालोखालचा अधिकारी. आदल्या रात्री पोलीस ठाण्याचे रक्षण करताना त्याच्या डोक्यात लोखंडी गजाचा घाव बसला होता. तो घाव घालणारे कोणी परकीय शत्रू नव्हते किंवा सराईत दरोडेखोरही नव्हते. ते त्याच्याच सम्राटाचे सैनिक होते.

वाचकांच्या मनात पहिला प्रश्न येईल तो हा, की परक्या देशातील, त्यातही ज्याने आपल्यावर दीडशे वर्षे सत्ता गाजवली त्या देशातील एका पोलिसाचे स्मरण आपण कशासाठी करायचे? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर या कथेतच आहे. टॉमस ग्रीनला मारले एका जमावाने. पण त्याच्या मृत्यूला दुय्यम ठरवले ते राज्यसंस्थेने. आणि हे दुसरे पातक एकट्या इंग्लंडचे नाही. ते प्रत्येक देशात, प्रत्येक पिढीत, कोणत्याही रंगाच्या राजवटीत घडू शकते. आपल्याही.

त्या रात्री काय घडले?

पहिले महायुद्ध संपून सात महिने उलटले होते. एप्समजवळ वुडकोट पार्क येथे कॅनडाच्या जखमी व आजारातून उठलेल्या सैनिकांची मोठी छावणी होती. युद्ध संपले, पण या सैनिकांना मायदेशी नेण्यास पुरेशी जहाजे नव्हती. सक्तीची प्रतीक्षा, रिकामे हात, घरची ओढ आणि मद्य. या मिश्रणाचा स्फोट ठिकठिकाणी होत होता. मार्च १९१९ मध्ये वेल्समधील किनमेल पार्क छावणीत कॅनडाच्या सैनिकांनी दंगल केली, तीत पाच जणांचा बळी गेला. हे सैनिक मुळात दुष्ट नव्हते. फ्रान्स आणि फ्लँडर्सच्या चिखलात त्यांनी मरण जवळून पाहिले होते आणि त्यांच्या देशाने सुमारे साठ हजार तरुण गमावले होते. हे मान्य केलेच पाहिजे. परंतु एखाद्याने काल शौर्य गाजवले म्हणून त्याच्या आजच्या गुन्ह्याला माफी मिळत नसते, हेही तितकेच मान्य केले पाहिजे.

१७ जूनच्या संध्याकाळी गावातील एका मद्यगृहात भांडण झाले आणि पोलिसांनी दोन कॅनडियन सैनिकांना ताब्यात घेतले. घटना किरकोळ होती. सकाळी दंड भरून दोघेही सुटले असते. पण छावणीत बातमी पोहोचली ती 'आपल्या माणसांना धरले' अशा रूपात. पाहता पाहता सुमारे चारशे सैनिक गोळा झाले. वाटेत कुंपणाचे खांब उपटत, खिडक्यांच्या काचा फोडत हा लोंढा ॲशली रोडवरील पोलीस ठाण्यावर चालून आला. ठाण्यात इन्स्पेक्टर चार्ल्स पॉली आणि त्यांचे सहकारी होते. त्यांची संख्या मूठभर. हातात बंदुका नाहीत, केवळ लाकडी दंडुके.

टॉमस ग्रीन त्या वेळी कामावर नव्हता. तो आपल्या घरी होता. पत्नी रुग्णालयात होती, घरात दोन तरुण मुली होत्या. अनेक वर्षांची सेवा झालेली, निवृत्ती दृष्टिपथात आलेली. ठाण्यावर संकट आल्याचा निरोप मिळाला तेव्हा 'माझी पाळी संपली' असे म्हणण्याचा त्याला पूर्ण अधिकार होता. गणवेश अंगात नव्हता. कोणी विचारलेही नसते. तो साध्या कपड्यांत तसाच ठाण्याकडे निघाला.

ठाण्यावर दगड-विटांचा वर्षाव झाला. कोठडीच्या खिडकीचे गज उखडले गेले आणि कैदी सोडवून नेला गेला. ठाणे हातचे जाते असे दिसताच पोलिसांनी दंडुके उपसून बाहेर धाव घेतली आणि जमावावर चढाई केली. काही क्षण जमाव मागे हटलाही. त्याच झटापटीत ग्रीनच्या मस्तकावर गजाचा तडाखा बसला आणि तो कोसळला. त्याला रस्त्यावरून उचलून जवळच्या एका घरात नेणारेही कॅनडाचेच काही सैनिक होते, हे येथे नमूद करणे सत्यास धरून होईल. त्याच्या बहुतेक सहकाऱ्यांनाही जखमा झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रीनचे प्राण गेले.

त्याच्या अंत्ययात्रेला शेकडो पोलीस आले. एप्समचे रस्ते माणसांनी भरले. सामान्य इंग्रज माणसाने आपल्या रक्षकाला त्याचे देणे त्या दिवशी दिले. प्रश्न आहे तो राज्याने काय दिले याचा.

न्यायाचा देखावा

जुलै महिना उजाडला. २८ जूनला व्हर्सायचा तह झाला होता. १९ जुलैला लंडनमध्ये भव्य विजयसंचलन झाले. साम्राज्याच्या कानाकोपऱ्यांतून आलेल्या फौजांचे कौतुक करताना वृत्तपत्रांची पाने अपुरी पडली. अशा उत्सवी वातावरणात, संचलनाला काही दिवस उलटतात न उलटतात तोच, गिल्डफर्ड येथील न्यायालयात एप्समच्या दंगलीचा खटला उभा राहिला. आरोप खुनाचा नव्हता, सदोष मनुष्यवधाचा आणि दंगलीचा होता. निकाल काय लागला? मनुष्यवधाच्या आरोपातून सर्व जण निर्दोष. दंगलीबद्दल पाच जण दोषी. शिक्षा एक वर्षाचा कारावास. तोही पुरा भोगावा लागला नाही. मुदत संपण्यापूर्वीच त्यांची सुटका झाली आणि ते मायदेशी परतले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इंग्लंडचे युवराज सदिच्छा दौऱ्यावर कॅनडात दाखल झाले होते. या घटना एकाच वर्षात इतक्या लगोलग घडल्या हा निव्वळ योगायोग होता काय, याचा निर्णय सुज्ञ वाचकांनीच करावा.

चारशे जणांचा जमाव, डोळ्यांदेखत मोडलेले ठाणे, डझनभर जखमी पोलीस आणि एक मृत अधिकारी. एवढे होऊनही 'मारले कोणी' या प्रश्नाला ज्या राज्याच्या न्यायासनापाशी उत्तर नव्हते, ते राज्य त्या काळी पृथ्वीच्या चौथ्या हिश्श्याला 'कायद्याचे राज्य' म्हणजे काय हे शिकवीत होते!

दहा वर्षांनी त्या प्रश्नाचे उत्तर आपल्या पायांनी चालत आले. १९२९ च्या जुलै महिन्यात कॅनडातील विनिपेग शहरात ॲलन मॅकमास्टर नावाचा माणूस पोलिसांपुढे हजर झाला आणि एप्समच्या त्या सार्जंटला आपणच मारले असे त्याने सांगितले. दंगलीबद्दल शिक्षा झालेल्या पाच जणांपैकीच तो एक होता. कॅनडाच्या पोलिसांनी लंडनला कळवले. उत्तर आले, की या प्रकरणात त्याला पूर्वी शिक्षा झालेली आहे, आता तो आम्हाला नको आहे. मॅकमास्टरला सोडून देण्यात आले.

कायद्याचा जाणकार म्हणेल, की ज्या आरोपातून एकदा माणूस सुटला त्या आरोपाखाली त्याला पुन्हा उभे करता येत नाही. बरोबर आहे, आणि आम्हीही त्याच्या फाशीची मागणी करीत नाही. पण न्याय म्हणजे केवळ शिक्षा नव्हे. सत्याची जाहीर नोंद हाही न्यायच असतो. स्वतः गुन्हेगाराच्या विवेकाला दहा वर्षांनी टोचणी लागली आणि त्याने सत्य सांगितले. ज्याच्या सेवेत तो सार्जंट मेला त्या राज्याने मात्र ते सत्य हाती येताच कागदांत गुंडाळून ठेवले. ज्याने मारले तो विसरू शकला नाही. ज्याच्यासाठी मेला ते सहज विसरले. सार्जंट ग्रीनच्या कथेतील ही सर्वांत भीषण विसंगती आहे.

तोच न्यायाधीश, तेच वर्ष

या खटल्याशी महाराष्ट्राचा एक धागा जुळलेला आहे आणि तो आपल्याकडे फारसा कोणाच्या ध्यानात येत नाही. गिल्डफर्डच्या त्या न्यायासनावर बसले होते न्यायमूर्ती डार्लिंग. हे नाव मराठी वाचकाला ओळखीचे वाटायला हवे. कारण त्याआधी अवघे पाच महिने, फेब्रुवारी १९१९ मध्ये, याच न्यायमूर्तींपुढे लोकमान्य टिळकांच्या चिरोल खटल्याचा निकाल लागला होता. 'इंडियन अनरेस्ट' या आपल्या ग्रंथात व्हॅलेंटाइन चिरोल याने लोकमान्यांवर केलेल्या आरोपांविरुद्ध त्यांनी लंडनमध्ये अब्रुनुकसानीचा दावा लावला होता. चिरोलच्या बाजूने उभा होता सर एडवर्ड कार्सन. ज्यूरीने लोकमान्यांच्या विरुद्ध निकाल दिला आणि खर्चाचा प्रचंड बोजा त्यांच्यावर पडला. एप्समची दंगल झाली तेव्हा लोकमान्य इंग्लंडमध्येच होते.

आणि त्याच वर्षाचा एप्रिल महिना? १३ एप्रिलला जालियनवाला बागेत निःशस्त्र माणसांवर १६५० गोळ्या झाडल्या गेल्या. सरकारी आकड्यानुसार ३७९ माणसे मारली गेली. अमृतसरच्या एका गल्लीतून आपल्या देशबांधवांना पोटावर सरपटत जाण्याची आज्ञा झाली. पंजाबात लष्करी कायदा लागू झाला, चाबकाचे फटके मारले गेले, खास न्यायमंडळांनी फाशीच्या आणि जन्मठेपेच्या शिक्षा ठोठावल्या. तेथे कारण सांगितले गेले ते असे, की जमावापुढे राज्याने नमते घेतले तर कायद्याचा धाक उरणार नाही.

अमृतसरला हा न्याय आणि एप्समला तो. बागेत सभेसाठी जमलेल्या निःशस्त्र माणसांना गोळी आणि खुद्द लंडनच्या उंबरठ्यावर पोलीस ठाणे फोडणाऱ्यांना काही महिन्यांचा कारावास. एप्समला गोळीबार व्हायला हवा होता असे आम्हाला मुळीच म्हणायचे नाही. म्हणायचे आहे ते इतकेच, की ब्रिटिशांचे 'कायद्याचे राज्य' ही माणूस पाहून लांबी बदलणारी मोजपट्टी होती. आजही आपल्याकडे त्या राजवटीच्या न्यायप्रियतेचे गोडवे गाणारी विद्वान मंडळी आहेत. त्यांनी १९१९ या एका वर्षाचा हिशेब मांडून पाहावा. त्या हिशेबात हिंदुस्थानी माणसाच्या प्राणाला मोल नव्हते, हे आपण जाणतोच. पण सोय आडवी आली तेव्हा त्यांच्या स्वतःच्या इमानी, गोऱ्या सार्जंटच्या प्राणालाही मोल उरले नाही, हे एप्समने दाखवले.

ज्यांच्या जिवावर राज्य उभे असते

आणखी एक गोष्ट. ग्रीन ज्या दलात होता त्या दलाची अवस्था त्या काळी काय होती? ऑगस्ट १९१८ मध्ये, ऐन युद्धात, लंडनचे हजारो पोलीस संपावर गेले होते. महागाईने त्यांचे वेतन इतके तोकडे केले होते की अकुशल मजुराचीही स्थिती त्यांच्यापेक्षा बरी म्हणावी. सरकार हादरले आणि त्यातून लॉर्ड डेसबरो यांची समिती नेमली गेली. त्या समितीने १९१९ च्या उन्हाळ्यात वेतनवाढीची शिफारस केली. म्हणजे ज्या रात्री ग्रीन घरातून निघाला, त्या रात्री त्याच्या दलाच्या पदरी उपेक्षा, असंतोष आणि अपुरे वेतन हेच होते. तरीही तो गेला. कर्तव्य हे वेतनाच्या मापाने मोजले जात नाही हे त्याने सिद्ध केले. पण ते तसे मोजले जात नाही म्हणून राज्याने ते फुकट घ्यावे, असा त्याचा अर्थ होत नाही.

कौटिल्याने दंडाच्या अभावी येणाऱ्या अवस्थेला मत्स्यन्याय म्हटले आहे. मोठा मासा लहान माशाला गिळतो, तसे बलवान दुर्बलांना गिळतात. हा दंड राजाच्या हाती असतो असे आपण वाचतो. प्रत्यक्षात तो रस्त्यावर उभ्या असलेल्या शिपायाच्या हाती असतो. त्याच्या मस्तकावर पडणारा घाव हा राज्याच्या मस्तकावर पडलेला घाव असतो. जे राज्य तो घाव आपला मानत नाही, ते उद्याच्या जमावाला आमंत्रण देत असते.

आपला आरसा

इंग्लंडला दोष देऊन येथेच थांबणे सोपे होते. पण मग हा लेख लिहिण्याचे कारणच उरले नसते.

२३ ऑगस्ट २०१६ रोजी मुंबईत खार येथे वाहतूक पोलीस विलास शिंदे यांनी एका अल्पवयीन दुचाकीस्वाराला अडवले. त्याला शिरस्त्राण नव्हते. थोड्याच वेळात त्यांच्या डोक्यात बांबूचा प्रहार झाला. आठ दिवस मृत्यूशी झुंज देऊन ३१ ऑगस्टला त्यांची प्राणज्योत मालवली. एप्सम आणि खार यांच्यात ९७ वर्षांचे आणि सात समुद्रांचे अंतर आहे. घटना मात्र एकच आहे. किरकोळ कारवाई, 'आपल्या माणसाला अडवले' हा संताप, आणि मस्तकावर घाव. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर अतिरेक्याची बंदूक हातांनी धरून ठेवणारे तुकाराम ओंबळे आपल्याला आठवतात, आणि ते योग्यच आहे. त्यांना अशोकचक्र लाभले. पण विलास शिंदे आपल्यापैकी किती जणांना आठवतात? शत्रूच्या गोळीने मेलेला पोलीस आपल्या गौरवगाथेत बसतो. आपल्याच समाजातील एखाद्याच्या हातून मेलेला पोलीस मात्र अडचणीचा ठरतो, कारण तो आपल्याला आपलाच चेहरा दाखवतो.

राजकीय आणि सामाजिक आंदोलनांतील खटले मागे घेण्याचे निर्णय महाराष्ट्रात वेगवेगळ्या पक्षांच्या सरकारांनी वेळोवेळी घेतले आहेत. जीवितहानी झालेली नसावी अशी अट त्यांत घातली जाते हे खरे. आणि खोट्या गुन्ह्यांत अडकवलेल्या कार्यकर्त्याला दिलासा मिळायला हवा हेही खरे. परंतु ज्या पोलिसाचे डोके फुटले, हात मोडला, त्याला कोणी विचारले काय? त्याचा जीव गेला नाही म्हणून त्याचे रक्त माफ करण्याचा अधिकार मंत्रिमंडळाला कोणी दिला? गिल्डफर्डची सौम्यता आणि मंत्रालयातील उदारता यांचे कूळ एकच आहे, आणि त्याचे नाव राजकीय सोय.

आता थोडे कटू, पण घरचे. ठाण्यावर जमाव नेणे ही आपल्याकडे जवळजवळ राजकीय प्रथा झाली आहे. कोणत्याही संघटनेचा कार्यकर्ता पकडला गेला की शे-दोनशे माणसे ठाण्याच्या दारात उभी करायची, घोषणा द्यायच्या, वरून दूरध्वनी आणायचा आणि 'आपला माणूस' सोडवून न्यायचा, यात आपण पराक्रम मानू लागलो आहोत. यातून कोणताही पक्ष सुटलेला नाही. राष्ट्राचे नाव घेणारे आपणही पूर्णपणे सुटलेलो नाही. वुडकोट पार्कच्या छावणीतून निघालेल्या त्या चारशे जणांना तरी दुसरे काय हवे होते? त्यांनाही 'आपल्या माणसांना'च सोडवायचे होते. त्यांतील बहुतेकांच्या मनात खून नव्हता. जमावाच्या मनात तो निघताना कधीच नसतो. तो वाटेत कोठेतरी त्याला येऊन मिळतो.

अनुशासन हा शब्द आपण मोठ्या अभिमानाने उच्चारतो. त्याची खरी कसोटी संचलनाच्या मैदानावर लागत नाही. आपला माणूस कोठडीत असताना, आपण शंभर जण बाहेर असताना आणि दारात एकच शिपाई उभा असताना ती लागते. त्या वेळी वकील घेऊन आत जाणारा खरा राष्ट्रभक्त, की वीट उचलणारा? याचे उत्तर प्रत्येकाने आपल्या मनाशी द्यावे.

स्मरण म्हणजे काय?

२१ ऑक्टोबर १९५९ रोजी लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज येथे चिनी सैन्याच्या हल्ल्यात आपले दहा पोलीस जवान धारातीर्थी पडले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी २१ ऑक्टोबरला पोलीस स्मृतिदिन पाळला जातो. २०१८ साली त्याच दिवशी दिल्लीत चाणक्यपुरी येथे राष्ट्रीय पोलीस स्मारक राष्ट्राला अर्पण झाले. कर्तव्य बजावताना प्राण दिलेल्या हजारो पोलिसांची नावे तेथील भिंतीवर कोरलेली आहेत. हे उशिरा झाले, पण झाले. मात्र दगडावर नाव कोरून शासन आपले कर्तव्य संपवू शकते, समाज नाही.

आपल्या गावात, आपल्या तालुक्यात कर्तव्यावर मरण आलेला पोलीस कोण होता, हे आपल्या मुलांना ठाऊक आहे काय? येत्या २१ ऑक्टोबरला आपल्या जिल्ह्याच्या पोलीस मुख्यालयात मानवंदना होईल, तेव्हा मुलाबाळांना घेऊन आपण तेथे उभे राहणार आहोत काय? भर रस्त्यात पोलिसावर हात उचलला गेला तर साक्षीदार म्हणून नाव देण्याची आपली तयारी आहे काय? एप्समच्या रस्त्यावर शेकडो डोळे होते, तरी न्यायालयात 'घाव कोणी घातला' हे सिद्ध झाले नाही. साक्ष न देणारा समाज हा नेहमीच गुन्हेगाराचा विनावेतन वकील असतो.

पोलीस सगळेच देवमाणसे नसतात. त्यांतील लाचखोर आणि उद्दाम माणसांशी आपला प्रत्येकाचा कधी ना कधी संबंध आलेला असतो आणि त्यांच्याविरुद्ध लढलेही पाहिजे. पण त्या लढ्याची जागा न्यायालय आहे, विधिमंडळ आहे, वृत्तपत्र आहे. ठाण्याची खिडकी नव्हे. एका भ्रष्ट पोलिसाचा राग दहा प्रामाणिकांच्या डोक्यावर काढणारा समाज शेवटी भ्रष्टांच्याच हाती पडतो, कारण प्रामाणिक माणूस अशा वेळी घरातून निघायचे सोडून देतो.

एप्समच्या स्मशानभूमीत टॉमस ग्रीन याचे स्मारक आहे. त्याच्या गुन्हेगाराची कबुली दप्तरात पडून राहिली, तरी ते स्मारक उभे आहे. सार्जंट ग्रीन आपला कोणी नव्हता. तो ज्या ध्वजाखाली मेला तो ध्वज उतरवण्यासाठी आपले पूर्वज फासावर गेले. तरीही १७ जूनच्या त्या रात्री, पाळी संपलेली असताना, गणवेश अंगात नसताना, आजारी पत्नी आणि दोन मुली मागे ठेवून जो माणूस घराचा दरवाजा लोटून बाहेर पडला, त्याला आपण परका म्हणू शकत नाही. आज रात्रीही आपल्या शहरात कोणीतरी असाच आपल्या घराचा दरवाजा लोटून बाहेर पडेल. तो आपल्यासाठी बाहेर पडेल. तो परत येईल किंवा येणार नाही; पण न आल्यास आपण एप्समचे साम्राज्य ठरायचे की एप्समची जनता, हे मात्र आजच ठरवून ठेवू या.